पहिला अर्ज स्वतः टाइप करताना : कॉम्प्युटर नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

कॉलेज सुरू झालं की पहिल्या महिन्यातच अर्ज लिहायची वेळ येते. एसटीच्या पाससाठी बोनाफाईड हवं असतं, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कागद चढवायचे असतात, हॉस्टेलला विनंती करायची असते. बहुतेक मुलं-मुली झेरॉक्सच्या दुकानात जातात, दुकानदार कुणाच्या तरी जुन्या अर्जात नाव बदलून देतो आणि काम होतं. पण पुढच्या अर्जाला पुन्हा तिथेच जावं लागतं. या लेखात आपण असा एकच अर्ज घेऊ आणि कॉम्प्युटर सुरू करण्यापासून छापील कागद हातात येईपर्यंत तो पुरा करू. एवढं जमलं की प्रकल्प, बायोडेटा, पत्र या सगळ्यांची वाट तीच असते.

मुलांना शिकवताना मला सतत एक गोष्ट दिसते. मोबाईल सगळ्यांना उत्तम येतो, त्यामुळे बटणं कुठली दाबायची याची भीती कुणालाच नसते. अडतं ते दोन ठिकाणी. लिहिलेलं नेमकं कुठे ठेवलं आहे हे माहीत नसतं, कारण फोनवर ते कधी माहीत करून घ्यावं लागत नाही. आणि पान छान दिसतं आहे म्हणजे ते नीट बांधलेलं आहे असं वाटतं. या दोन गोष्टींवर मी या लेखात सगळ्यात जास्त वेळ देणार आहे. बाकीचं चार दिवस हात फिरला की आपोआप येतं.

सुरुवात : जागा आधी, लिहिणं नंतर

कॉम्प्युटर सुरू करा, डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबा. माऊसची डावी कळ एकदा दाबली की वस्तू निवडली जाते, पटकन दोनदा दाबली की उघडते, उजवी कळ दाबली की त्या वस्तूचं काय काय करता येईल याची यादी समोर येते. अडलात की उजवी कळ दाबून यादी वाचायची सवय लावून घ्या. लॅपटॉपवर माऊस नसेल तर टचपॅडवर दोन बोटं एकदम टेकवली की बहुधा उजव्या कळीचंच काम होतं.

आता वर्ड, म्हणजे ज्यात अर्ज लिहायचा तो प्रोग्राम, उघडायची घाई करू नका. कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेली कळ धरून ‘ई’ दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडेल. त्यात डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट्स’ आहे, तिथे जा. मोकळ्या जागेत उजवी कळ, ‘न्यू’, मग ‘फोल्डर’. फोल्डरला तुमचं नाव द्या. त्याच्या आत आणखी एक फोल्डर करा, नाव ‘अर्ज’. आज जे काही लिहाल ते इथे जाणार हे लिहिण्याआधीच ठरलं. नाव चुकलं तर फोल्डर निवडून एफ-२ दाबा, नाव बदलता येतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये असाल तर आधी एक गोष्ट विचारून घ्या. अनेक लॅबमधले कॉम्प्युटर असे लावलेले असतात की बंद करून पुन्हा सुरू केले की ते जुन्या स्थितीत परत जातात आणि मधल्या वेळेत ठेवलेलं सगळं पुसलं जातं. व्हायरसपासून बचाव म्हणून ही सोय करतात आणि ती योग्यच आहे, पण नव्या विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. अशा ठिकाणी फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. पेनड्राइव्ह काढताना आधी ‘इजेक्ट’ करा, मगच ओढा. लिहिणं अर्धवट राहिलेलं असताना तो उपसला तर फाइल खराब होऊ शकते.

मराठी टाइप करण्याची तयारी

विंडोज १० किंवा ११ असेल तर मराठी कीबोर्डसाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये जा, ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, भाषेच्या भागात ‘ॲड अ लँग्वेज’ म्हणा आणि मराठी निवडा. झालं की उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ भाषेची खूण दिसू लागेल. खिडकीची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाता येतं. लॅबमध्ये सेटिंग्ज बदलायची परवानगी नसेल तर सरांना किंवा मॅडमना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

इथे तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे टाइप करायचं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीसाठी तो कीबोर्ड आयता मिळतो. दुसरा इनस्क्रिप्ट. पहिला आज सोपा वाटेल, तरी माझा आग्रह दुसऱ्यासाठी आहे. इनस्क्रिप्ट हा आपल्या लिपीच्या रचनेवर बेतलेला कळफलक आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८० च्या दशकात ठरवला आणि १९९१ साली भारतीय मानकात तो आला. गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू या लिप्यांनाही तोच लागू पडतो, म्हणजे ‘के’च्या कळीवर मराठीत क येतो तसा त्या त्या लिपीतही क-च येतो.

त्याची रचना एकदा नीट बघा. डाव्या हाताकडे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताकडे बरीचशी व्यंजनं. कीबोर्डच्या मधल्या ओळीवर बोटं ठेवा. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळींवर बारीक उंचवटा असतो, तिथे दोन्ही तर्जन्या. आता डावीकडून उजवीकडे या ओळीत अशी अक्षरं आहेत : ‘ए’वर ओकाराची खूण (ो), ‘एस’वर मात्रा (े), ‘डी’वर पाय मोडायची खूण म्हणजे हलन्त (्), ‘एफ’वर पहिली वेलांटी (ि), ‘जी’वर पहिला उकार (ु). पुढे ‘एच’वर प, ‘जे’वर र, ‘के’वर क, ‘एल’वर त, त्यानंतरच्या अर्धविरामाच्या कळीवर च आणि शेवटी अवतरणचिन्हाच्या कळीवर ट.

शिफ्ट धरलं की काय होतं ते पाहिलंत तर सगळा कळफलक ध्यानात राहील. क वर शिफ्ट धरा, ख मिळतो. त वर थ, च वर छ, ट वर ठ, प वर फ. तिकडे डाव्या हाताला मात्रेवर शिफ्ट धरलं तर ए, ओकारावर ओ, वेलांटीवर इ, उकारावर उ. म्हणजे खूण साधी दाबली की व्यंजनाला लागते आणि शिफ्टसह दाबली की सुटा स्वर उमटतो. हलन्ताच्या कळीवर शिफ्ट धरलं की अ. पाठ करायचं फारसं काही उरत नाही.

पहिले दोन दिवस फक्त या मधल्या ओळीतून होणारे शब्द लिहा : करतो, चिकट, पोपट, कितपत, टपोरे. कीबोर्डकडे बघायचं नाही, पडद्याकडे बघायचं. मग वरच्या आणि खालच्या ओळीकडे वळा. वरच्या ओळीत ‘ई’वर काना, ‘आर’वर दुसरी वेलांटी, ‘टी’वर दुसरा उकार, ‘वाय’वर ब, ‘यू’वर ह, ‘आय’वर ग, ‘ओ’वर द, ‘पी’वर ज. खालच्या ओळीत ‘एक्स’वर अनुस्वार, ‘सी’वर म, ‘व्ही’वर न, ‘बी’वर व, ‘एन’वर ल आणि शिफ्टसह ळ, ‘एम’वर स आणि शिफ्टसह श, शेवटच्या तिरप्या रेघेच्या कळीवर य. ण हा म च्या कळीवर शिफ्टसह, आणि ष स्वल्पविरामाच्या कळीवर शिफ्टसह.

जोडाक्षर कसं करायचं? जसं उच्चारता तसंच : आधी पहिलं व्यंजन, मग हलन्त, मग दुसरं व्यंजन. ‘विद्यार्थी’ हा शब्द घेऊ. व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली वेलांटी दिसते व च्या आधी, पण दाबायची व नंतर. रफार दिसतो थ च्या डोक्यावर, पण र आणि हलन्त दाबायचे थ च्या आधी. हाताने लिहिताना आपण रफार शेवटी देतो, म्हणून सुरुवातीला बोटं अडखळतात. शब्द तोंडाने हळू उच्चारत टाइप केलात तर क्रम चुकत नाही. ज्ञ, त्र, क्ष आणि श्र ही चार अक्षरं शिफ्ट धरून ५, ६, ७ आणि ८ या अंकांच्या कळींवर आयती मिळतात.

एक खास मराठी अक्षर अनेकांना सापडतच नाही. ‘सूर्य’ मधला र आणि ‘दुसऱ्या’ मधला र वेगळे दिसतात, आणि ‘दुसऱ्या’ला रफार देऊन ‘दुसर्या’ असं लिहिलेलं आपण रोज वाचतो. हा आडवा र मिळवायला ‘जे’च्या कळीवर शिफ्ट धरा, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ऱ येईल. त्यानंतर हलन्त आणि य, की ‘ऱ्य’ तयार. वाऱ्यावर, कोऱ्या, शेतकऱ्यांना, तऱ्हा, कुऱ्हाड (इथे य ऐवजी ह), सगळीकडे हेच. अर्जात ‘अधिकाऱ्यांना’ हा शब्द तर हमखास येतो. तो चुकीचा गेला तर मला फार वाईट वाटतं, कारण एका कळीचाच तर प्रश्न असतो.

खोडताना एक फरक दिसेल. बॅकस्पेस दाबला की शेवटची एकच खूण जाते, म्हणजे ‘की’ मधली फक्त वेलांटी जाऊन क राहतो. डिलीट दाबला तर कर्सरच्या, म्हणजे लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेच्या, पुढचं पूर्ण अक्षर खुणांसकट जातं. मात्रा सुधारायची असेल तर कर्सर त्या अक्षराच्या लगेच नंतर ठेवून बॅकस्पेस वापरा.

सरकारी नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा द्यायचा विचार असेल तर क्लास लावण्याआधी त्या परीक्षेला कुठला कळफलक चालतो ते विचारून घ्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात, आणि अनेक क्लासमध्ये अजून टाइपरायटरच्या काळातला रेमिंग्टन कळफलक शिकवतात. दोन्ही एकदम शिकू नका.

युनिकोड म्हणजे काय, आणि ते का हवं

जुन्या दुकानांत आणि छापखान्यांत श्री-लिपी, कृतीदेव असे फाँट दिसतात. त्यांच्या जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर मुळात इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, देवनागरीसाठी मुळातच १२८ जागांचा एक गट राखून ठेवलेला आहे. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला अर्ज फोनवर, ई-मेलमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठीच राहतो आणि त्यात शोधही घेता येतो. वर सांगितलेला विंडोजचा कीबोर्ड युनिकोडमध्येच लिहितो.

कुणाकडून फाइल आली तर तपासणी सोपी आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅड या विंडोजमधल्या साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये पेस्ट करा. मराठी राहिली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरं झाली तर जुना फाँट. दुकानदार ‘असंच चालतं’ म्हणाला तरी कॉलेजला किंवा पोर्टलवर द्यायचा मजकूर युनिकोडमध्येच मागा.

विंडोजमध्ये मंगल, निर्मला यूआय, कोकिळा हे युनिकोड फाँट सापडतील, बाहेरून घ्यायचा असेल तर मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतात. काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळणाचा फाँट निवडलात तर अर्ज वाचायला आपलासा वाटतो.

आता अर्ज

एम. एस. वर्ड असेल तर तो उघडा. नसेल तर लिबरऑफिस रायटर पूर्ण मोफत आहे, २०१० पासून जगभरचे लोक मिळून तो घडवतात आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. चोरून टाकलेला वर्ड वापरण्यापेक्षा रायटर कितीतरी चांगला. खाली दिलेल्या बहुतेक कळी दोन्हीकडे सारख्याच आहेत, जिथे फरक आहे तिथे सांगितला आहे.

कोरं पान समोर आलं की एक शब्द लिहा आणि लगेच कंट्रोल धरून ‘एस’ दाबा. मघाशी केलेला ‘अर्ज’ फोल्डर शोधा. नाव ठेवताना तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घाला, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. तारखेत तिरपी रेघ चालत नाही. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ, विसर्ग असतो तसे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारका ही चिन्हं घेताच येत नाहीत, आडवी छोटी रेघ वापरा. पोर्टलवर चढवायच्या फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, काही ठिकाणी देवनागरी नाव अडतं.

पहिल्या शब्दालाच जतन करायला सांगतो त्याचं कारण वीज आहे. घरच्या किंवा लॅबच्या डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइट गेली तर जतन न केलेलं जातं. वर्ड आपणहून दर १० मिनिटांनी बचावाची एक प्रत ठेवतो खरा, पण १० मिनिटांत अर्धा अर्ज लिहून होतो. प्रत्येक परिच्छेद संपला की कंट्रोल-एस.

मग पानाचा आकार बघा. वर्डमध्ये ‘लेआउट’मध्ये ‘साइज’, रायटरमध्ये ‘फॉरमॅट’मध्ये पानाची शैली. तिथे अनेकदा ‘लेटर’ असतं, तो अमेरिकी आकार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात मिळणारा कागद ए-४ आहे, २१० बाय २९७. हे आधीच बदललं नाही तर छापताना ओळी सरकतात आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर जाते.

आता हा मजकूर टाइप करा. काहीही सजावट न करता, सगळं डावीकडून.

दिनांक : १४ जुलै २०२५
प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव आणि गाव)
विषय : एसटी पाससाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळण्याबाबत.
महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी आपल्या महाविद्यालयात बी. ए. प्रथम वर्षात शिकत असून रोज गावाहून एसटीने ये-जा करतो. मासिक पास काढण्यासाठी मला बोनाफाईड प्रमाणपत्राची आवश्यकता आहे. तरी ते मिळावे, ही नम्र विनंती.
आपला विश्वासू,
(सही आणि पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक)

प्राचार्य बाई असतील तर ‘महोदया’, अर्ज मुलीचा असेल तर ‘करते’ आणि ‘आपली विश्वासू’. जुना अर्ज बदलून देणाऱ्या दुकानात हेच सर्वाधिक चुकतं.

टाइप करताना ओळीच्या शेवटी एंटर दाबू नका. परिच्छेदातली ओळ कडेला पोचली की शब्द आपोआप खाली जातो. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. पत्त्याच्या ओळी एकाच परिच्छेदात ठेवायच्या असतील तर शिफ्ट धरून एंटर दाबा, नवी ओळ मिळते पण परिच्छेद तोच राहतो.

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तारीख उजवीकडे न्यायची आहे. बहुतेक नवखे इथे स्पेसबार दाबत राहतात, तारीख सरकत सरकत उजवीकडे जाते, आणि पान अगदी नीट दिसतं. मग फाँट बदलला, किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं, की तारीख तुटून अर्धी खालच्या ओळीत येते. कॉम्प्युटरला ‘ही ओळ उजवीकडची आहे’ हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्याला फक्त चाळीस रिकाम्या जागा दिलेल्या असतात. त्याऐवजी तारखेच्या ओळीत कर्सर ठेवा आणि कंट्रोल-आर दाबा. ओळ उजवीकडे चिकटली, आता काहीही बदललं तरी तिथेच राहील. विषयाची ओळ मध्ये हवी असेल तर कंट्रोल-ई, परत डावीकडे कंट्रोल-एल, दोन्ही कडा समान हव्या असतील तर कंट्रोल-जे. मराठीचे शब्द लांब असतात, त्यामुळे कंट्रोल-जेने कधी कधी दोन शब्दांमध्ये मोठी पोकळी पडते. अर्जाला डावीकडूनच ठेवा.

हे सगळं डोळ्यांनी दिसावं अशी एक सोय आहे, आणि शिकताना पहिला आठवडा ती चालूच ठेवा. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा, रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ-१०. पानावर बारीक खुणा उमटतील : प्रत्येक स्पेसला एक ठिपका, टॅबला बाण, परिच्छेदाच्या शेवटी उलट्या ‘पी’सारखी खूण. यातलं काहीच छापलं जात नाही. कुणाचा तरी ‘सुंदर’ दिसणारा बायोडेटा उघडून ही खूण चालू करून बघा. ठिपक्यांच्या लांबच लांब माळा आणि रिकाम्या परिच्छेदांच्या रांगा दिसतील. ती फाइल थोडी बदलायला गेलात तर का विस्कटते ते लगेच कळेल.

तेच रिकाम्या ओळींचं. ‘विषय’च्या वर-खाली मोकळी जागा हवी म्हणून दोन-तीन एंटर मारू नका. परिच्छेदावर उजवी कळ, ‘पॅराग्राफ’, तिथे परिच्छेदाच्या आधी आणि नंतर किती जागा सोडायची ते लिहिता येतं. अर्जासाठी नंतर ८ किंवा १० पॉइंट पुरतात. त्याच खिडकीत ओळींमधलं अंतर १.१५ ठेवा. तिथे ‘एक्झॅक्टली’ असा एक पर्याय असतो, तो मराठीसाठी टाळा. ठरावीक उंची दिली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

‘आपला विश्वासू’ उजवीकडे आणि त्याच ओळीत डावीकडे ‘स्थळ’ लिहायचं असेल तर टॅब वापरा. पानाच्या वर पट्टी दिसत नसेल तर ‘व्ह्यू’मधून ‘रुलर’ चालू करा. पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन असतो, त्यावर क्लिक करत करत उजवा टॅब आणा, मग पट्टीवर उजव्या कडेजवळ क्लिक करा. ‘स्थळ’ लिहा, टॅब एकदाच दाबा, ‘आपला विश्वासू’ लिहा. मजकूर कितीही लहान-मोठा झाला तरी शब्दांचा शेवट कडेलाच राहतो.

मोठ्या कामाला तयारी

अर्ज एका पानाचा असतो म्हणून चुका खपून जातात. वर्षअखेर पर्यावरणाचा प्रकल्प करायचा असेल तेव्हा हीच शिस्त कामाला येते. नवीन प्रकरण नव्या पानावर हवं तर एंटर मारत खाली जाऊ नका, कंट्रोल-एंटर दाबा. प्रकरणाचं नाव ठळक आणि मोठं करून ठेवण्याऐवजी त्याला ‘हेडिंग १’ ही शैली (शीर्षकाचा तयार साचा) द्या (वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि १, रायटरमध्ये कंट्रोल आणि १). असं सगळ्या शीर्षकांना केलंत तर अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसह एका क्लिकमध्ये तयार होते. वर्डमध्ये ती ‘रेफरन्सेस’मध्ये आहे, रायटरमध्ये ‘इन्सर्ट’मध्ये. मजकूर वाढला आणि पानं सरकली की तिच्यावर उजवी कळ दाबून ‘अपडेट’ म्हणायचं. ज्या मुलांनी पानांचे आकडे हाताने टाइप केलेले असतात त्यांची आदली रात्र त्यातच जाते.

तक्ता हवा असेल तर ‘इन्सर्ट’मधून ‘टेबल’ घ्या. टॅबने पुढच्या घरात जाता येतं, आणि शेवटच्या घरात टॅब दाबला की नवी ओळ मिळते. गुणपत्रकासारखी माहिती स्पेस देऊन रकान्यांत कधी मांडू नका.

मराठी मजकुराखाली सगळीकडे लाल नागमोडी रेघा दिसल्या तर घाबरू नका. सॉफ्टवेअर तो मजकूर इंग्रजी समजून तपासतं आहे. सगळं निवडा (कंट्रोल-ए) आणि तपासणीची भाषा मराठी करा. तरीही गावांची आणि माणसांची नावं लाल दिसतीलच. आणि काही बिघडलं की कंट्रोल-झेड, एक एक पाऊल मागे नेतं. ही कळ माहीत झाली की हात मोकळेपणाने चालायला लागतो.

वर्डमध्ये मराठीचा फाँट आणि आकार बदलूनही तसाच राहत असेल तर कंट्रोल-डी दाबून फाँटची खिडकी उघडा. तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो, देवनागरीचा फाँट आणि आकार तिथून ठरतो. १२ ते १४ आकार अर्जासाठी योग्य.

छापण्याआधी आणि दुकानात

अर्ज पूर्ण झाला की एकदा मोठ्याने वाचा. मग ‘फाइल’, ‘सेव्ह ॲज’ आणि प्रकारात पीडीएफ निवडा, रायटरमध्ये वरच्या पट्टीतच पीडीएफचं बटण आहे. मूळ फाइल ठेवायचीच, पुढच्या वेळी तीच बदलायची आहे. पण दुकानात न्यायची ती पीडीएफ, कारण तिच्यात फाँट सोबत जातो आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर पान हलत नाही. पोर्टलवर फाइलच्या आकाराची मर्यादा दिलेली असते. निव्वळ मजकुराची पीडीएफ सहसा त्यात बसते, अडतात ते फोनने काढलेले मोठे फोटो. ते चढवण्याआधी लहान करून घ्या.

छापताना कंट्रोल-पी. समोर पानाचा नमुना दिसतो, तो नीट बघा : एकच पान आहे ना, कागद ए-४ आहे ना, सहीला जागा आहे ना. शेवटी उगाच एक कोरं पान दिसत असेल तर शेवटच्या रिकाम्या एंटर काढून टाका. प्रती दोन घ्या, दुसरीवर कार्यालयाचा पोच शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवा.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर काम केलं असेल तर उठण्याआधी थोडा वेळ काढा. ई-मेल उघडला असेल तर त्यातून लॉग आउट व्हा, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. व्हॉट्सॲप वेबवरून फाइल पाठवली असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो कॉम्प्युटर काढून टाका. ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून आपली पीडीएफ, आणि सोबत आधार किंवा मार्कशीट उतरवली असेल तर तीही, निवडून शिफ्ट धरून डिलीट दाबा. साध्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. पेनड्राइव्ह घरी आल्यावर उघडण्याआधी अँटीव्हायरसने तपासून घ्या.